धनी आणि गिऱ्हाईक

गणपतीपुढे हात जोडताना त्याच्या विद्यापतित्वाची आठवण आपणांस होते. परंतु त्याने एके काळी दुसऱ्याच्या शब्दाखातर लेखणी हाती धरली होती, ही गोष्ट सहसा मनात येत नाही. महाभारत सांगावयाचे तर ते उतरून घेणारा हवा, म्हणून व्यासांनी गणेशाची योजना केली. गणेशाने अट घातली की, माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही लिहू नये. दोन्ही अटी मान्य झाल्या आणि काम सुरू झाले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. त्या आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर (१८८७–१९४३) यांनी हस्तलिखितांचा पुरावा तोलून ती मागाहून शिरलेली ठरविली. पंडितांचा निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. तथापि ज्या कोणी ही कथा ग्रंथात घातली तो स्वतः लेखनिकाच्या धंद्यातला असला पाहिजे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. काम देणाऱ्याने खोळंबा करू नये आणि काम करणाऱ्याने समजल्याशिवाय हात चालवू नये, एवढ्या दोन कलमांत त्याने आपल्या व्यवसायाचा सारा करारनामा बसविला.

या जुन्या करारनाम्याची आठवण होण्यास कारण एक घरगुती प्रसंग झाला. अंत्रुज महालात एका देवळाच्या पाठीमागील आळीत आमच्या परिचयाचे एक घर आहे. त्या घरातील नात वाणिज्य शाखेची पदवीधर असून रात्री नऊच्या सुमारास, देवळातील शेजारती आटोपण्याच्या वेळी, संगणक उघडून बसते. सात समुद्रांपलीकडच्या एका दुकानदाराची आलेली टपाल वाचावयाची, उत्तरांचे मसुदे करावयाचे, त्याच्या भेटीगाठींच्या वेळा नेमावयाच्या, बिले कोणाची आली व कोणाची राहिली याची टाचणे ठेवावयाची, असे तिचे काम आहे. या कामास ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात, म्हणजे समोर नसलेला, दुरून काम करणारा सहायक. आजीने एकदा तिला विचारले, “तुजो धनी खंय रावता गो?” नात हसून म्हणाली, “धनी न्हय गे आज्ये, गिरायक.” आजीचे समाधान झाले नाही. ज्याची पत्रे आपण लिहितो, ज्याच्या पैशांचा हिशेब आपल्यापाशी असतो, तो गिऱ्हाईक कसा, हा तिचा प्रश्न होता आणि तो अगदीच भाबडा नव्हता. कारण हे काम आपल्या लोकांनी शतकानुशतके केले आहे, पण ते धन्यासाठी केले आहे.

अनुपस्थित धन्याच्या वतीने, त्याला शोभेल अशा शब्दांत, त्याचे काम चालविणे हे या व्यवसायाचे मर्म मानले तर त्याचे शास्त्र फार जुने आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजशासने लिहिण्यावर एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. लेखक अमात्याच्या गुणांनी युक्त असावा, लोकांचे आचारसंकेत जाणणारा असावा, त्वरेने रचना करणारा, चांगल्या अक्षराचा आणि लिहिलेले वाचण्यास समर्थ असावा, असे तो म्हणतो. लेखाचे गुण त्याने सहा सांगितले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टता. यांपैकी सुंदर अक्षराने एकही साधत नाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इकडे समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला. आरंभापासून अखेरपर्यंत अक्षर एकसारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, इथपासून तो बोरू, शाई आणि चाकू यांची जमवाजमव कशी करावी इथपर्यंत त्यांनी सांगितले आहे. परमार्थाच्या ग्रंथात चाकूची चौकशी पाहून ज्यांना नवल वाटते त्यांनी मठांचा पसारा आणि त्यांमधील पत्रव्यवहार आठवावा.

या कामाने आपल्या समाजाला आडनावेच दिली आहेत. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचा मराठी ‘नीस’ झाला आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, सबनीस अशी घराणी उभी राहिली. कर्नाटकात गावच्या हिशेबनिसास शानभोग म्हणत, त्यावरून शानभाग. कुळकर्णी आणि नाडकर्णी तर घरोघर आहेत. आज ही आडनावे लावणाऱ्या पुष्कळांस आपल्या दारावरची पाटी म्हणजे एका जुन्या नोकरीचा हुद्दा आहे, याची जाणीवही नसते.

या साऱ्या नीसांत ज्याचे चरित्र या धंद्याचा उदय, उत्कर्ष आणि भय एकत्र दाखविते तो पुरुष म्हणजे बाळाजी आवजी चिटणीस. त्यांची हकिकत आपणांस मुख्यतः बखरींतून मिळते. त्यांच्याच वंशातील मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यास मोठी बखर लिहिली. घराण्याने घराण्याचे सांगितलेले आहे, तेव्हा काही भक्तिभाव वजा करून ते वाचावे. परंतु वाचावे अवश्य. परंपरा अशी सांगते की, बाळाजींचे वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या हबशाच्या पदरी होते. त्यांच्यावर धन्याची इतराजी होऊन त्यांचा घात झाला आणि त्यांची पत्नी व तीन मुलगे यांना विकण्यासाठी गलबतावर चढविण्यात आले. ते गलबत राजापुरास लागले, तेथे मुलांच्या मामाने त्यांना सोडवून घेतले आणि बाळाजी राजापुरात कारकुनी करू लागले. पुढे त्यांचे अक्षर शिवाजी महाराजांच्या दृष्टीस पडले. ज्याला नाव नाही, गाव नाही, ज्याच्या बापाला लेखणीच्याच नोकरीत मरण आले, त्या मुलाची शिफारस त्याच्या अक्षराने केली.

पुढची गोष्ट पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. महाराजांनी एका महत्त्वाच्या पत्राचा मजकूर सांगितला होता आणि रात्री तो वाचून दाखविण्यास सांगितले. कामाच्या गर्दीत बाळाजींचे पत्र लिहावयाचे राहिले होते. त्यांनी कोरा कागद हाती धरून सारे पत्र खडाखडा वाचले. मजकूर महाराजांच्या मनासारखा उतरला. इतक्यात जवळ उभा असलेला मशालजी हसला आणि बिंग फुटले. महाराजांनी रागावण्याऐवजी कौतुक केले, असे सांगतात. आम्हांस या गोष्टीत मोल वाटते ते पाठांतराचे नव्हे. धन्याच्या मनात काय आहे, तो कोणास कोणता मायना घालील, कोठे आवाज चढवील आणि कोठे उतरवील, हे ज्याच्या अंगात मुरले आहे त्याचे पत्र कागदावर येण्यापूर्वीच तयार असते. व्यासांची अट ही याहून निराळी काय होती? परंतु त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. जो चिटणीस कोऱ्या कागदावरून धन्याचे पत्र वाचू शकतो तो धन्यावाचूनही धन्याचे पत्र लिहू शकेल. कौतुक आणि संशय या दोहोंचे मूळ एकच.

राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, प्रधानपद देऊ केले असता बाळाजींनी ते न घेता चिटणिशीच वंशपरंपरा मागून घेतली, अशीही परंपरा आहे. प्रधानकीत मान अधिक होता, चिटणिशीत स्थैर्य अधिक दिसले असावे. पण ते स्थैर्य सात वर्षेच टिकले. महाराजांच्या निधनानंतर वारसाचा तंटा माजला आणि १६८१ साली संभाजी महाराजांनी कटाच्या संशयावरून अण्णाजी दत्तो आदी मंडळींबरोबर बाळाजी आवजींनाही देहान्त शिक्षा दिली. ज्याच्या हातून साऱ्या कारस्थानी पत्रांची ये-जा होते तो मनुष्य कारस्थानापासून अलिप्त होता हे सिद्ध करणे फार कठीण असते. बाप आणि लेक दोघेही लेखणीनेच वर आले आणि दोघांचाही शेवट धन्याच्या रोषात झाला.

तरीही घराण्याने दौत ठेवली नाही. बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ हे त्याच संभाजी महाराजांबरोबर १६८३ च्या गोव्याच्या स्वारीत होते. जुवे बेटाच्या वेढ्यात खाडीला भरती आली, महाराजांचा घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचविले, अशी कथा आहे. वडिलांना मारणाऱ्या धन्यास मुलाने वाचविले आणि चिटणिशी परत मिळविली. याला स्वामिनिष्ठा म्हणावे की व्यवसायनिष्ठा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

संशयापासून कागदाचे रक्षण करण्याची तजवीज मात्र त्या काळी मोठ्या कसोशीने केलेली आढळते. शिवकालीन आणि पेशवेकालीन अस्सल पत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांस ती ठाऊक आहे. आरंभी वर मुद्रा, अखेरीस मोर्तबाची छोटी मुद्रा, म्हणजे खाली कोणी एक ओळ वाढवू नये. कागद कागदाला चिकटविला तर जोडावर खूण, म्हणजे मधला बंद कोणी बदलू नये. तारीख आणि साल शब्दांत. दफ्तरात नोंद झाली की ‘बार’, तपासून पाहिले की ‘रुजू’. मोडी लिपी धावती असल्यामुळे लेखणी उचलावी लागत नसे, त्यामुळे मध्येच अक्षर घुसडणेही अवघड होई. ही सारी व्यवस्था एका गोष्टीसाठी होती: धनी दूर असताना, किंवा मेल्यावरही, कोणी कोणास काय सांगितले हे कागदाने बोलावे. या खुणा कागदास वाचवीत. माणसास दर वेळी वाचवीतच असे नाही.

बाळाजींच्या नशिबी जे आले नाही ते सुख दुसऱ्या एका लेखणीबहाद्दरास लाभले आणि त्याचा मंगेशीच्या देवाशी संबंध असल्यामुळे आमच्या वाचकांस तो अधिक जवळचा वाटेल. रामचंद्र मल्हार सुखठणकर, ज्यांना इतिहासात रामचंद्रबाबा शेणवी म्हणतात, हे सावंतवाडीच्या बाजूचे कुळकर्णी. ते घाटावर गेले, पेशव्यांच्या सेवेत शिरले आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण झाले. सदाशिवरावभाऊंना राजकारणाचे धडे मिळाले ते त्यांच्याकडून. शिंदे माळव्यात स्वारीवर, पेशवे पुण्यास, आणि दोहोंमधला पत्रव्यवहार व पैशाचा व्यवहार सांभाळणारा हा गृहस्थ कोकणातल्या एका कुळकर्ण्याच्या बैठकीवरून उठलेला. कुशस्थळीहून सोळाव्या शतकात अंत्रुजात आणलेल्या श्रीमंगेशास मंगेशी गाव पेशव्यांकडून १७३९ साली मिळाला तो त्यांच्याच शब्दावरून. आज मंगेशीच्या तळीवर पाय धुणाऱ्या यात्रेकरूस हे स्थान एका कारकुनाच्या कर्तबगारीशी जोडलेले आहे हे सांगितले तर खरे वाटणार नाही.

रामचंद्रबाबांच्या मागोमाग शेणवी मंडळींची एक रांगच शिंदेशाहीत गेली. पेडण्याकडील जिवबादादा केरकर हे महादजींचे बक्षी झाले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे आज जी मराठी आळी आणि मराठी देवळे आहेत, त्यांतील कित्येक घराण्यांचा मूळ पुरुष तलवारीबरोबर जितका गेला तितकाच दौतीबरोबर गेला. हैदराबादेस निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे, दिल्लीस नाशिककर हिंगणे. त्यांची पत्रे आता छापून निघाली आहेत. दरबारात काय घडले, कोण कोणाशी फितला, बाजारात नाण्याचा भाव काय, हे सारे धन्याचे डोळे आणि कान होऊन लिहावयाचे आणि उत्तराची वाट पाहत कित्येक आठवडे बसावयाचे. त्यात खर्चाची ओढ. दरबारी थाट तर ठेवलाच पाहिजे आणि हुंडी तर वेळेवर येत नाही, अशी गाऱ्हाणी वकिलांच्या पत्रांत वारंवार येतात.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हिंदूंना सरकारी अधिकारपदांवरून दूर सारण्याचे हुकूम काढले, पण शेजारच्या मराठी दरबारांशी पत्रव्यवहार करावयाचा तर मराठी व मोडी जाणणारा मनुष्य लागे, आणि तो हिंदूच असे. ज्यांच्या देवांस स्वतःच्या गावी जागा राहिली नव्हती त्यांच्याच हाती राज्याचे दुभाषीपण आणि वकिली आली. पुण्याच्या दरबारात पोर्तुगीजांचे वकील म्हणून नारायण विठ्ठल धुमे होते आणि १७७९ च्या तहाच्या बोलण्यात त्यांचा हात होता. या साऱ्या मंडळींचा शोध पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात बसून घेतला आणि १९५२ साली पोर्तुगीज राजनीतीच्या हिंदी हस्तकांवर पोर्तुगीज भाषेत मोठा ग्रंथ काढला. तो अद्याप समग्र मराठीत नाही म्हणून आमच्या तरुणांस या पूर्वजांची नावेही ठाऊक नसतात, ही खेदाची गोष्ट आहे.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि ही परंपरा संस्थानांच्या आश्रयास गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८७ साली प्रथम युरोपचा प्रवास केला आणि त्यानंतर त्यांचे आयुष्य बरेचसे परदेशी गेले. राजा विलायतेत आणि राज्य गुजराथेत. तेव्हा टाचणे तयार करणारी, पत्रे वाचणारी, मसुदे करणारी माणसे सतत लागत. अरविंद घोष १८९३ ते १९०६ पर्यंत बडोद्यास नोकरीत होते आणि महाराज त्यांच्याकडून पत्रांचे व भाषणांचे मसुदे लिहून घेत. परंतु या जातीच्या नोकरीतून आपले स्वतःचे कार्य कसे उभारावे हे ज्यांनी दाखविले ते गोविंद सखाराम सरदेसाई.

सरदेसाई यांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावी झाला. बी. ए. होऊन १८८९ च्या आरंभी ते बडोद्यास महाराजांचे वाचक म्हणून लागले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांची टाचणे करावयाची, सांगितलेली पत्रे लिहावयाची, पुढे राजपुत्रांस शिकवावयाचे आणि प्रवासात बरोबर राहावयाचे. या कामात आपले स्वतःचे असे काय असते? वाचावयाचा ग्रंथ दुसऱ्याच्या आवडीचा आणि वेळ दुसऱ्याच्या सोयीची. पण महाराजांसाठी वाचता वाचता त्यांनी मॅकिआव्हेलीच्या व सीलीच्या ग्रंथांची मराठी भाषांतरे केली आणि राजपुत्रांना इतिहास शिकविताना जी टिपणे साठली त्यांतून १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ व १९०२ पासून ‘मराठी रियासत’ निघाली. त्यांचे नावच रियासतकार पडले. १९२५ मध्ये ते बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले. एरवी हे वय खाटेवर पडून भजन ऐकण्याचे. परंतु पुढे पेशवे दफ्तराचे काम त्यांच्याकडे आले आणि १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग त्यांनी संपादून छापविले. ज्या रुमालांत फडणिसांच्या, चिटणिसांच्या व वकिलांच्या हातचे कागद दीडशे वर्षे पडले होते ते उघडणारा मनुष्यही स्वतः एका राजाचा लेखनिकच होता. मोडी कागदाच्या मागे बसलेला माणूस त्यांना दिसत असावा. १९५९ साली ते वारले तोवर लेखणी चालूच होती.

यंत्रे आली त्याची हकिकत थोडक्यात पुरे. पिटमनचे लघुलेखन १८३७ चे, विक्रीस आलेले पहिले यशस्वी टंकयंत्र १८७४ चे. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकयंत्र काढले आणि तालुक्या-तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे वर्ग निघाले. यामुळे बायकांना कचेरीचे दार उघडले, परंतु कचेरीला जावे लागेच. घरी बसून दुसऱ्या गावच्या कचेरीचे काम करण्याचा एक धीट प्रयोग १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्ली या बाईंनी केला. संगणकाचे काम जाणणाऱ्या, मुलेबाळे झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांना त्यांनी घरी काम दिले. बाईच्या सहीच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत असे पाहून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या, तेव्हा उत्तरे येऊ लागली. कोऱ्या कागदावरून पत्र वाचणाऱ्या बाळाजींना या युक्तीची गंमत कळली असती.

आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी दिवसा ध्वनिमुद्रित केलेली टिपणे बंगळूरला रात्रीत टंकलिखित होऊ लागली आणि अमेरिकेत ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ हा शब्द रूढ झाला. काम देणारे आणि घेणारे यांची गाठ घालून देणारी स्थळे निघाली. त्यांतील दोन जुनी स्थळे एकत्र होऊन २०१५ साली त्यांचे ‘अपवर्क’ झाले. जे काम मिळविण्यासाठी रामचंद्रबाबांना घाट चढावा लागला आणि हिंगण्यांना दिल्लीस बिऱ्हाड करावे लागले, ते देवळामागच्या आळीत बसून मिळू लागले. घर सुटले नाही, सोवळेओवळे सुटले नाही, पालखीच्या दिवशी दारात रांगोळी घालता आली. हा फरक आम्ही लहान मानीत नाही. लेखणीच्या नोकरीने आपली घराणी वर आली तशी ती पांगलीही. कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या कुलदेवाचे दर्शन घडले नाही.

परंतु धनी गेला तसे वतनही गेले. बाळाजींचा धनी त्यांचा जीव घेऊ शकला, पण त्याच धन्याने त्यांच्या मुलाला चिटणिशी दिली. गिऱ्हाईक जीव घेत नाही आणि चिटणिशीही देत नाही. ते एका रात्रीत नाहीसे होते. आमच्या त्या मुलीचे पहिलेच गिऱ्हाईक तीन आठवडे काम करून घेऊन दिसेनासे झाले. पत्राला उत्तर नाही, पैशाचा पत्ता नाही. कोणाकडे दाद मागावी हेही कळेना. घरात दोन दिवस कोणी तिच्याशी त्याविषयी बोलले नाही. आजी तेवढी म्हणाली की, पूर्वी निदान धन्याचे घर ठाऊक असे.

त्यानंतर तिने जे केले ते पाहून आम्हांस जुन्या दफ्तराची आठवण झाली. काम हाती घेण्यापूर्वी ती आता एक पानभर करार लिहून पाठविते: कोणती कामे करीन, कोणती नाही, किती तासांत उत्तर देईन, पैसे कोणत्या तारखेस, पहिल्या पंधरवड्याचे आगाऊ. तोंडी सांगितलेले प्रत्येक काम ती त्याच दिवशी लेखी कळविते आणि होकार आल्यावरच हात घालते. दुसऱ्याच्या टपालाच्या व पेढीच्या किल्ल्या तिच्यापाशी असतात. काम संपताच त्या परत केल्याची नोंद ती गिऱ्हाइकाकडून घेते. एक वही तिने केली आहे आणि त्यात तारीख, काम, कोणी सांगितले, केव्हा झाले एवढी चारच घरे आहेत. ‘बार’ आणि ‘रुजू’ हे शब्द तिने ऐकलेले नाहीत.

आरंभी ती मिळेल ते काम घेई. वर्षभराने तिच्या ध्यानात आले की, सर्व कामे करणाऱ्यास सर्वांत कमी दर मिळतो. हिशेब तिला येत होता, म्हणून लहान दुकानदारांची बिले, येणी आणि पत्रव्यवहार एवढ्यापुरतेच तिने स्वतःला बांधून घेतले. एका दुकानदाराने दुसऱ्यास नाव सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास. बाळाजींचे अक्षर जसे त्यांच्या आधी महाराजांपर्यंत पोहोचले तसे हे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२२ नंतर, मसुदा करणारी यंत्रे घरोघर आली आहेत आणि हा धंदा बुडणार असे पुष्कळ लोक सांगतात. ती स्वतः मसुदा यंत्राकडूनच करून घेते. परंतु कोणता देणेकरी खरोखर अडचणीत आहे आणि कोणता नेहमीचा टाळाटाळ करणारा, कोणास आठवणीचे पत्र गोड लिहावे आणि कोणास कोरडे, हे ती यंत्राला सांगते, यंत्र तिला सांगत नाही. गणेशाची अट यंत्राने केव्हाच पुरी केली आहे. व्यासांची पुरी करण्याचे काम तिच्याकडे राहिले आहे, निदान तूर्त तरी.

सांप्रत तिच्यापाशी तीन गिऱ्हाइके आहेत. त्यांतील एक परवा पहाटे दोनला, म्हणजे त्यांच्याकडील दुपारी, तिला म्हणाले की, माझ्या मालाच्या पुरवठेदारांस तूच थेट पत्र लिही, मला दाखविण्याचे कारण नाही. तिने ते वहीत लिहून घेतले, त्यांच्याकडून लेखी मागितले आणि मगच पहिले पत्र घातले. सकाळी आजीने विचारले, “पयशे दिले मू त्या गिरायकान?” दिले होते.